सवतीचा टाक

मी, मुक्ताबाई भ्रतार कै. सहादेव इथापे, वय आईच्या सांगण्यावरून साठ, धंदा शेती, राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदे, जिल्हा अहमदनगर, आज रोजी माझ्या स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते येणेप्रमाणे.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातला नाही की गळ घातली नाही. तशी या घरात कोणाची छातीही नाही. श्रीगोंद्याचे आबासाहेब वकील यांनी कच्चा मजकूर वाचला आणि कायद्यापुरते ठेवून बाकीचे कापा म्हणाले. कायद्याचे त्यांनी सांगितले तसेच्या तसे ठेवले आहे. बाकीचे कापले नाही, कारण बाकीच्यासाठीच मी लिहायला बसले. माहेरी चौथीपर्यंत शाळा झाली ती वडिलांच्या हट्टामुळे, त्यांचे उपकार इथेच मानते.

कलम पहिले. माझे वारस दोन. मुलगी छबूबाई, राहाता येथे सदाफळांकडे दिलेली, आणि मुलगा काकासाहेब, जो माझ्याजवळ राहून शेती करतो. छबू माझ्या मालकांच्या पहिल्या कुटुंबाची, म्हणजे कै. भीमाबाईची. भीमाबाई वारली तेव्हा छबू रांगायचे संपवून नुकती पावले टाकत होती. मी या घरात आले ती दुसरेपणाची. अशा घरी पोर देऊ नये असे आमच्या भावकीत सगळे म्हणत होते. ते सगळे चुकले. मालकांनी मला कधी दुसरी म्हणून वागवले नाही, आणि छबूने तर पहिल्याच रात्री माझ्या पदराचा बोळा करून तो तोंडात घालून झोप काढली.

कलम दुसरे. माझ्या नावावर असलेल्या जमिनीपैकी विहिरीकडचा तुकडा मी छबूबाईस देते. उरलेली जमीन, राहते घर, बैल व अवजारे काकासाहेबास. गेल्या वर्षीच्या दुष्काळात गावातल्या विहिरींनी तळ दाखवला, पण आपल्या विहिरीने हंडा भरून दिला. ती विहीर खोदताना मालकांबरोबर मीही माती उपसली आहे, तेव्हा ती कोणाला द्यायची हे मी ठरवले तर कोणी नाक मुरडू नये. काकासाहेबाने तोंडी हो म्हटले आहे. तोंडचे हो चुलीपाशी गेले की कधी कधी पातळ होते, म्हणून लिहून ठेवले.

चुलीचा विषय निघाला म्हणून सांगते, की सून साळूबाई हिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ती भाजीत मीठ जास्त टाकते, पण माझे पाय रोज चेपते. माझी पितळी भांडी, शिवणयंत्र व दुभती म्हैस तिला. म्हैस माझ्याआधी गेली तर तिची रेडी.

कलम तिसरे. माझी जाऊ गोजरबाई हिने माझे पुरणयंत्र होळीला म्हणून नेले, त्याला बरेच शिमगे झाले. ते मी तिला दिले असे समजावे, म्हणजे ते दडवून ठेवायचा तिचा त्रास वाचेल. तिला आणखी एक गोष्ट देणे आहे, ती पुढच्या कलमात येईल.

कलम चौथे, आणि हेच मुख्य. माझ्या गळ्यातला टाक.

आमच्याकडे पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. चांदीच्या पत्र्यावर बाईचा उमटवलेला मुखवटा असतो तो. सणाला आधी टाकाला हळदकुंकू लावायचे, मग आपल्याला. नवे लुगडे आधी टाकाला दाखवायचे, मग नेसायचे. सवत नाराज राहू नये, तिची पोरे सुखी राहावीत, एवढीच त्यातली भावना. लग्न ठरले तेव्हा सासूबाई बायडाबाईंनी सोनाराला टाक सांगितला होता. सोनाराने सोनारासारखेच केले. हळद लागायची वेळ आली तरी टाक तयार नव्हता.

त्या गडबडीत सासूबाईंनी भीमाबाईची पेटी उघडली. लुगड्यांच्या तळाशी फडक्यात बांधलेली एक वस्तू निघाली. लांबट गोल, कवडीपेक्षा मोठी. भोवती सोन्याची पिळाची बारीक कड. तपकिरी जमिनीवर पांढराशुभ्र बाईचा चेहरा, एका बाजूने पाहणारा. सरळ नाक, मानेवर अंबाडा, केसांत खोवलेली पाने. सासूबाई तिथेच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "ही भीमाच हाय," त्या म्हणाल्या. "पोरीनं जाताना सोताच सोताचा टाक करून ठिवला."

भीमाबाईचे नाक सरळ होते आणि ती अंबाड्यात पाने-फुले माळायची, एवढे सगळ्यांना आठवत होते. मागे टाचणी होती ती सोनाराने कापली आणि कडी डाखली. मांडवात तो टाक माझ्या गळ्यात पडला. पुढे मालक गेले, मणी उतरवले, तेव्हा बायका टाकही काढायला लागल्या. मी हात धरला. नवऱ्याची गाठ सुटली तरी सवतीची कशी सुटेल, असे मी म्हणाले. त्या दिवशी मी एवढेच बोलले.

भीमाबाईचा फोटो नाही. त्या काळी आमच्यात कोण फोटो काढत होते? त्यामुळे छबूला आई म्हणून दाखवायला हाच चेहरा होता. ती लहानपणी माझ्या मांडीवर बसून टाकावर बोट फिरवायची. शाळेत पहिली आली तर टाकाला सांगायची, काकासाहेबाने मारले तर टाकाकडे तक्रार करायची. सासरी निघाली तेव्हा माझ्या पाया पडली आणि मग टाकाला कपाळ लावले. तिचे माहेरपण असे दोन्हीकडे होते आणि मला त्याचा कधी हेवा वाटला नाही.

गेल्या वर्षी वैशाखात गावात एक लग्न होते. त्याला नगरहून सौ. सुचित्राबाई मुळे आल्या होत्या. त्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवतात. जेवताना माझ्या शेजारी बसल्या आणि घास हातात तसाच ठेवून माझ्या गळ्याकडे पाहत राहिल्या. जेवण झाल्यावर त्यांनी फार अदबीने टाक पाहायला मागितला. उन्हासमोर धरला तर त्यातून उजेड तांबूस होऊन आला. त्यांनी मला मागची बाजू दाखवली. ती सपाट नव्हती, वाटीसारखी किंचित खोल होती.

बाई म्हणाल्या, हा दगड नव्हे, चांदी नव्हे, हस्तिदंतही नव्हे. समुद्रातल्या मोठ्या शंखाची ही पाठ आहे, म्हणून तिला बाक आहे. शंखाचा वरचा थर पांढरा आणि खालचा तपकिरी असतो. कारागीर पांढऱ्यातून चेहरा कोरतो आणि बाकीचे खरवडून खालचा रंग उघडा करतो. इटली देशात समुद्रकाठी हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. याला कॅमिओ म्हणतात आणि मडमा तो गळ्यापाशी झग्याला टाचतात. केसांतली पाने त्यांनी नीट पाहिली. नागवेलीची नव्हेत, द्राक्षाची. तिकडच्या जुन्या लोकांचा एक मद्याचा देव होता, त्याच्या सेविका केसांत द्राक्षवेल माळत. ही त्यांच्यातली एक.

म्हणजे इतकी वर्षे आम्ही दारूच्या देवाच्या सेविकेला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवत होतो. तिने बिचारीने कधी तक्रार केली नाही. मला पहिल्यांदा हसूच आले.

पण लग्नाला आलेली छबू माझ्या मागेच उभी होती. तिने सगळे ऐकले. तिने टाक हातात घेतला, पाहिला, आणि परक्याची वस्तू परत करावी तसा माझ्या तळहातावर ठेवला. तिने हळू विचारले, की मग मी आई कोणाला म्हणत होते. तेवढ्यात गोजरबाई भर मांडवात म्हणाली, की मडमेचा दागिना शेतकऱ्याच्या पोरीच्या पेटीत आपल्या पायांनी येत नाही, भीमाचे माहेर भिंगारला गोऱ्यांच्या छावणीच्या शेजारी होते, आता ज्याने त्याने समजून घ्यावे. सगळ्यांनी समजून घेतले. एका दुपारी माझ्या पोरीच्या आईचा चेहरा गेला आणि वर चोरीचा डाग आला. छबू त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने राहात्याला गेली. दिवाळीला आली नाही, संक्रांतीलाही नाही. पोरांच्या परीक्षा, पाहुणे, पाठदुखी, कारणे सगळी खरीच असतील.

मला झोप लागेना. मी मेले तर छबूला काय देऊन जाणार? जमीन कोणीही देईल. सुचित्राबाईंना फार वाईट वाटले होते. आपण बोललो नसतो तर बरे झाले असते, असे त्यांनी मला नगरला बोलावून सांगितले. मी म्हटले, बाई, अर्धे सांगितलेत, आता उरलेले शोधायला मदत करा. त्यांनी मला सराफाकडे नेले. सराफाने भिंग लावून पाहिले. सोने हलके आणि परदेशी, पिळाची कड हाताने वळलेली. टाचणीची जागा घासलेली होती, आणि शिक्का असलाच तर तो आमच्या सोनाराच्या डाखाखाली गेलेला. घडण शंभर वर्षांची असावी, छातीठोक सांगता येत नाही, असे दोघांचे मत पडले. वस्तू कुठे जन्मली ते कळले. भिंगारच्या पोरीपर्यंत कशी आली ते वस्तूला सांगता येत नव्हते. त्याला माणूसच लागत होता.

आता भीमाबाईच्या माहेराबद्दल. ती वारली तेव्हा तिच्या वडिलांनी आमच्या ओट्यावर उभे राहून पोरीला वेळेवर दवाखान्यात नेले नाही असे म्हटले, आणि सासूबाईंनी त्यांना पाणीही न विचारता बाहेर काढले. दोन्ही घरांनी उंबरा तोडला. पुढे त्या लोकांनी भिंगारचे बिऱ्हाड मोडले. छबूला सासूबाईंनी सांगितले की तुझ्या आजोळी कोणी उरले नाही. मीही तेच खरे धरून चालले होते.

आमच्या काष्टीला बैलबाजार भरतो. दुष्काळात जामखेडकडचे लोक पडेल भावात बैल विकायला येत होते. मी दर बाजारी त्यांना चहा पाजायची आणि भीमाबाईच्या माहेरचे, म्हणजे भिंगारचे तोडमल कोणाला ठाऊक आहेत का विचारायची. काकासाहेब म्हणायचा, आई, बैल घ्यायचे नाहीत तर लोकांना चहा का पाजतेस. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितले, की तोडमलांची एक लेक त्याच्या गावाशेजारी दिली आहे, लंकाबाई नावाची, सध्या दुष्काळी कामावर खडी फोडते.

मी आणि काकासाहेब जामखेडला गेलो. रस्त्याच्या कामावर बायकांची ओळ बसली होती. लंकाबाई कोण, हे मला कोणी दाखवावे लागले नाही. एका बाईने हातोडा थांबवून मान वळवली आणि काकासाहेब म्हणाला, "ही तर आपली अक्काच." छबूचे कपाळ, छबूची हनुवटी, डावी भुवई जराशी वर. ती भीमाबाईची धाकटी सख्खी बहीण निघाली. मी कोण ते सांगितल्यावर तिने हातोडा खाली ठेवला. मग मी टाक काढून तिच्या हातात दिला. तिने धूळ लागू नये म्हणून हात लुगड्याला पुसले आणि ओळखीचे माणूस भेटावे तशी हसली.

तिने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण ते पुढे कोणी बदलू नये.

"मानमोडीच्या साथीत छावनीतल्या एका गोऱ्या सायबाची बायकू गेली. मागं तान्हं पोर. ते कुनाचंच दूध घेईना. माजी आय तवा मला पाजत हुती. सायेबानं मानूस धाडलं. लोक म्हनले, जाऊ नगं, बाट लागंल, साथ लागंल. आय म्हनली, भुकंला कसली जात. एका अंगाला मी आन्‌ एका अंगाला त्यो पोरगा, अशी तिनं दोगंबी जगवली. पोरगा चालाया लागला तवा सायेब त्याला घिऊन त्याच्या मुलकात गेला. जाताना मेलेल्या बायकूच्या झग्याचं ह्ये काडून आयच्या हातात दिलं. म्हनला, तिचं पोर जिनं सांबाळलं, तिचं ह्ये. आयनं भीमाअक्काच्या लग्नात तिच्या पेटीत घातलं. चोरी न्हाई बाई. दुदाचं हाय त्ये."

मी खडीच्या ढिगावर बसून रडले. मला रडताना पाहून लंकाबाईने मला पाणी दिले आणि "माज्या वाटचं दूध गोऱ्यानं प्यालं, म्हनून मी अशी काळी ऱ्हायले," असे म्हणून हसवलेही. त्या मडमेचे नाव तिला सांगता आले नाही. तिच्या आईला ते उच्चारता येत नव्हते.

सबब जाहीर करते की, सदर दागिना कै. भीमाबाईच्या आईस राजीखुशीने मिळालेला असून तो चोरीचा नाही. गोजरबाईला देणे होते ते हेच. तिने हे वाक्य माझ्या तेराव्याला चार बायकांसमोर मोठ्याने वाचून घ्यावे. तिला वाचता येत नाही, तेव्हा साळूबाईने वाचावे आणि तिने मान हलवावी. मग माझा तिच्यावर राग नाही. तिने बाळंतपणात मला लाडू करून घातले होते तेही मी विसरलेले नाही.

या वर्षी अविधवा नवमीला भीमाबाईच्या नावाने सवाष्ण म्हणून मी लंकाबाईला बसवले. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीची ही नवमी नवराही गेला की बंद करतात, मी बंद केलेली नाही. लंकाबाईचे मालक हयात आहेत, देव त्यांना आयुष्य देवो. छबूला मी काकासाहेबाबरोबर सांगावा धाडला, की आईच्या नवमीला वाढायला ये, एवढे एकदा ये, मग नको येऊस. ती आली. ओट्यावर लंकाबाई पाय धूत बसली होती. तिने वर पाहिले. छबू दारातच थबकली. म्हणतात ना, माय मरो पण मावशी जगो. लंकाबाईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी अक्का, अगदी अक्का, एवढेच म्हणत राहिली. मावशीने तिला आईच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. भीमाबाईला पोहता येत होते, ती रागावली की जेवायची नाही, आणि ती गात असे पण सुरात नाही. मी पोळ्या लाटत ऐकत होते. त्यातले मलाही काही ठाऊक नव्हते.

जेवणे झाल्यावर मी टाक काढून छबूच्या पुढे ठेवला. म्हटले, हे तुझ्या आजीच्या दुधाचे आहे, तुझ्या आईच्या पेटीतले आहे, यात आईचा चेहरा नव्हता पण आता तो मावशीत बघ, आणि मला मोकळी कर. मला वाटले होते ती रडेल. तिने टाक उचलला आणि परत माझ्या गळ्यात बांधला. मागून गाठ मारता मारता म्हणाली,

"आई, टाक बगाया मी मान वर करायची, तर टाकाच्या वर तुजंच त्वांड असायचं. मी रुसून गेले ती आईचं त्वांड गेलं म्हनून न्हाई. तुला आता मी परकी वाटंन म्हनून गेले. मदी टाक न्हाई राह्यला, तर तू माजी कशापायी असशील?"

त्यावर मी काय बोलले ते लिहीत नाही.

तरी माझ्या मरणानंतर सदर टाक छबूबाई हिचाच. काकासाहेब, साळूबाई अगर अन्य कोणी त्यावर हक्क सांगू नये. तिने तो टाक म्हणून देव्हाऱ्यात ठेवावा, मागे पुन्हा टाचणी लावून पदराला लावावा की आपल्या लेकीला द्यावा, ही तिची मर्जी. त्या परक्या मुलखातल्या मडमेलाही पितरांत एक घास काढावा. तिचा पोरगा जगला असेल तर आता लंकाबाईच्या वयाचा असेल. जिथे असेल तिथे सुखी असो.

कलम पाचवे. माझ्यामागे जास्त खर्च करू नये. अग्नी काकासाहेबाने द्यावा. तोंडात शेवटचे पाणी छबूने घालावे. ती राहात्याहून येईपर्यंत थांबावे, कोणी घाई करू नये, मी कुठे जाणार नाही. लंकाबाईला यापुढे या घरी येण्याजाण्यास कोणी आडकाठी करू नये. आमच्या उंबऱ्याची तूट मी या लेखाने भरून काढली आहे.

सासूबाई बायडाबाई यांचेही उपकार मानते. त्या कडक होत्या आणि उंबरा त्यांनीच तोडला, पण त्यांच्या चुकीमुळेच ती वस्तू आमच्या गळ्यात राहिली. बरोबर टाक वेळेवर आला असता तर ही केव्हाच मोडीत गेली असती.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, माझ्या मनाप्रमाणे आहे. यापूर्वी दुसरे केलेले नाही. यात बदल करावासा वाटला तर मीच करीन, तोवर हेच कायम.

शेवटचे एक. मेलेल्या माणसाला मृत्युपत्राने काही देता येत नाही, असे आबासाहेबांनी मला तीनदा समजावले. म्हणून देत नाही, नुसती पोच लिहिते. भीमाबाई, तुझी मुलगी मिळाली. फार गुणाची आहे.

ठिकाण: काष्टी
दिनांक: १२ ऑक्टोबर १९७३

सही: मुक्ताबाई सहादेव इथापे

आमच्यादेखत सही केली. आम्हांस या लेखाने काही मिळत नाही.

साक्षीदार:
१. सौ. सुचित्रा शामकांत मुळे, राहणार अहमदनगर. सही.
२. सौ. लंकाबाई रावजी डोके, तालुका जामखेड. डाव्या हाताचा अंगठा. नाते विचारले असता सांगते, बहीण.